साठाव्या दिवसाचं पत्र

सरकारी कागद वेळेवर पोचला आणि त्याने एका पोरीचं घर वाचवलं, असं मी म्हटलं तर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नका. एकतीस वर्षं मी राज्याच्या शिक्षण खात्यात कागदच इकडून तिकडे हलवत होतो. मला कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, घरी जा, पाणी पी, आडवा हो. पण हे माझ्याच हातून घडलं, त्याला मी काय करू?

हर्शेल म्हणतो, ही गोष्ट मी दर बुधवारी सांगतो. साफ खोटं. एक आड एक बुधवारी सांगतो. राज्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले आम्ही सात-आठ जण धान्याच्या कोठारासमोरच्या कॅफेत सकाळी आठला जमतो. एक कॅरॅमल रोल दोघांत घेतो, कारण एका माणसाने अख्खा खाल्ला तर डॉक्टरला कळतं. हर्शेल ब्रँडव्होल्ड रस्ते खात्यात होता, हिवाळाभर बर्फ लोटायची गाडी चालवायचा. आणि या बुधवारी लॉर्ना हाउगनही आली होती. लॉर्ना आमच्याच ऑफिसातली. टायपिंग तिच्याकडे, टपाल तिच्याकडे, आणि भिंतीवरचा तारखांचा तक्ताही तिच्याकडेच. निवृत्त झाल्यावर ती लेकीकडे अ‍ॅरिझोनात राहायला गेली होती, ती आठ वर्षांनी परत आली. पाईचा तुकडा पुढे घेऊन कोपऱ्यात बसली होती. मला वाटलं, चला, एक नवा श्रोता मिळाला.

माझं काम काय होतं, हे माझ्या बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही. हुद्द्याचं नाव होतं ‘विशेष शिक्षण अनुपालन तज्ज्ञ’. छातीवरच्या बिल्ल्यावर ते एवढी जागा खायचं की टॉलफसन हे माझं आडनाव अर्ध्यावर तुटायचं. लोक मला ‘मिस्टर टॉल’ म्हणायचे. मी साडेपाच फूट.

काम सोपं होतं. जी मुलं ऐकू शकत नाहीत, बोलू शकत नाहीत, ज्यांना शिकायला वेगळी मदत लागते, त्या प्रत्येकाची एक लेखी योजना असते. रोज किती वेळ शाळा, किती मिनिटं बोलण्याचा धडा, सोबतीला कोण, सगळं त्यात लिहिलेलं असतं. जे लिहिलंय ते शाळेने करायचं. नाही केलं, तर आईबापांनी राज्याला तक्रार लिहायची. ती तक्रार माझ्या टेबलावर यायची, आणि खरं कोण आणि खोटं कोण हे आम्ही साठ दिवसांच्या आत लेखी कळवायचं. रविवार धरून साठ. नाताळ धरून साठ. आणि हे सगळं मूल न बघता. आम्ही मुलाबद्दलचा कागद बघायचो. एकतीस वर्षांत मी चार हजार मुलांच्या फायली वाचल्या. मुलं पाहिली सहा.

“त्यातली दोन तुझीच,” हर्शेल म्हणाला.

“तीच मोजून सहा.”

तर, शहाण्णव सालचा डिसेंबर. कॉटर्स बेंडहून एक तक्रार आली. हे गाव आमच्या राजधानीपासून एकशे चाळीस मैल पश्चिमेला, नदीच्या वळणावर. तक्रार लिहिली होती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या मेनूच्या पाठीवर. एका बाजूला ‘सोमवार: मीटलोफ, वाटाणे, पीच’, आणि दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने शाई. माझी मुलगी नेल वाइगल, वय नऊ. बोलत नाही. फिट येतात. योजनेत लिहिलंय की शाळा तीनपर्यंत. शाळा तिला रोज दहाला घरी पाठवते, म्हणते सोबतीला माणूस नाही. दोन वर्षं झाली. कृपा करून काहीतरी करा.

आणि खाली सहीच्या जागी जांभळ्या खडूने काढलेला एक मोठा, वाकडातिकडा गोल. आईला वाटलं, तक्रार पोरीची आहे, तर सही पोरीनेच करावी.

आता आमच्याकडे एक चौकोनांचा कागद असायचा. तक्रारदाराची सही आहे का? शाळेला प्रत पाठवली आहे का? सही नाही, फुली. प्रत नाही, फुली. दोन फुल्या म्हणजे ती तक्रारच नव्हे, आणि तक्रार नाही तर साठ दिवस सुरूच होत नाहीत. मी चार नंबरचं छापील पत्र लावलं, ‘आपल्या स्वारस्याबद्दल आभार’, आणि मेनू परत धाडला. मला लागली चार मिनिटं.

तो नीट होऊन परत यायला लागले तीन आठवडे. कारण कॉरीन वाइगल, म्हणजे नेलची आई, तिला वाटलं राज्याने नाही म्हटलं. सरकारकडून पाकीट येतं ते नाही म्हणायलाच येतं, असा तिचा आजवरचा अनुभव. तिने ते चमच्यांच्या खणात टाकून दिलं. शेवटी वृद्धाश्रमातल्या एका नर्सने वाचून तिला सांगितलं, अगं बाई, यांना फक्त तुझी सही हवीय, आणि शाळेला एक प्रत.

तेवीस डिसेंबरला तक्रार परत आली. या वेळी आईच्या एकाला दोन सह्या होत्या, एवढ्या मोठ्या की मला लांबून वाचता आल्या. लॉर्नाने तक्त्यावर टाचणी लावली. साठावा दिवस: शुक्रवार, एकवीस फेब्रुवारी.

पहिलाच कागद धरला असता तर साठावा दिवस जानेवारीतच येऊन गेला असता. हे मी तेव्हा मोजलं नाही. मोजायची वेळ नंतर आली.

जानेवारीच्या मध्यावर तिचा फोन आला.

“मिस्टर टॉल?”

“टॉलफसन. बोला.”

“मी नेलची आई. एकच विचारायचंय. तुमचं पत्र एकवीसला येईल ना?”

“साठाव्या दिवसापर्यंत निकाल देणं आम्हाला बंधनकारक आहे, बाई.”

“ते कळलं. येईल ना?”

मागे काहीतरी घरघरत होतं. मी विचारलं, कसला आवाज? म्हणाली, वॉशिंग मशीन. नेल त्याला गाल लावून उभी राहते, मग शांत होते. “आत कपडे नाहीत. तिच्यासाठी रिकामंच फिरवते.”

मग तिने सगळं सांगितलं, भाजीवाल्याला यादी सांगावी तसं, आवाज न चढवता. राज्याचं एक निवासी केंद्र आहे, पूर्वेला, तिच्या गावापासून तीनशे मैल. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने नेलचं नाव तिथल्या यादीत घातलं होतं आणि मग विसरून गेली होती. आता तिथे खाट रिकामी झाली. एकवीस फेब्रुवारीला दुपारी चारला त्यांची व्हॅन दारात येणार. नाही म्हटलं तर खाट पुढच्याला.

“मग नाही म्हणा ना,” मी म्हटलं. मी तसा चटकन सल्ला देणारा माणूस.

“आणि सोमवारी काय करू? सोमवारी दहाला शाळेचा फोन येणार, या घेऊन जा. मी स्वयंपाकघर सोडून जाणार. माझ्या रजा नोव्हेंबरातच संपल्या. मॅनेजरने सांगितलंय, एकवीसपर्यंत तुझं सांभाळून घेते, पुढे एकदा जरी मधूनच गेलीस तर परत येऊ नकोस. नोकरी गेली की विमा जातो. विमा गेला की नेलचं फिटचं औषध जातं. बाटलीत चार दिवसांचं असतं, मिस्टर टॉल. चार दिवसांनी काय होतं ते मी एकदा बघितलंय.”

मी समोरच्या कागदावर ‘चार दिवस’ असं लिहिलं.

“तुमचं पत्र हातात आलं, की शाळेने तिला तीनपर्यंत ठेवलंच पाहिजे, तर मी व्हॅन परत पाठवीन. नाहीतर मला तिला द्यावं लागेल. तिला कळणार नाही मी का येत नाहीये. तिला सांगता येत नाही, आणि विचारताही येत नाही.”

“पत्र निघालं की मी तुम्हाला फोन करतो.”

“फोन नको. फोनवर मला दोन वर्षं सगळेच सांगतायत. कागद पाहिजे. शिक्क्याचा.”

त्या दिवसापासून रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन. नेलला शाळेतून उचलायचं, गाडीत बसवायचं, शाळेबाहेरच्या फोनच्या पेटीतून मला फोन करायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“आज कितवा?”

“एकतिसावा.”

“बरं.”

खाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. “आज कितवा?” “बत्तिसावा.” ऑफिसातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. माझ्या टेबलावर तेव्हा आणखी अडतीस तक्रारी होत्या. त्या अडतीस घरांतून कुणी फोन करत नव्हतं, त्यामुळे ते सगळे माझ्या मते सुखी होते.

तिकडे शाळेकडून उत्तर आलं. अकरा खोकी. तिथल्या शाळांचा प्रमुख ओस्ट्रेम, अगदी मोकळाढाकळा गडी, हसल्याशिवाय वाक्य संपवायचा नाही. फोनवर म्हणाला, “आर्विड, राजा, आमच्याकडे सगळं कागदावर आहे बघ. मिनिटामिनिटाचा हिशोब.” आणि होताच. नेल वाइगल, बोलण्याचा धडा, तीस मिनिटं, खूण, खाली शिक्षिकेची आद्याक्षरं. आठवड्यातून दोनदा, एकही चुकलेला नाही. नेल वाइगल, शाळेत हजर, तीनपर्यंत. एवढं स्वच्छ काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या कागदावरची नेल मला फार आवडली. ती रोज तीनपर्यंत शाळेत असायची, शिकायची, हसायची. रोज दहाला रडत गाडीत बसणारी नेल कागदावर कुठेच नव्हती.

मी डबा खाताना एक एक पान वाचायला लागलो. सँडविचचे तुकडे अजून त्या फायलीत सापडतील. पंचेचाळिसाव्या दिवशी मी दहा जानेवारीच्या पानावर आलो. बोलण्याचा धडा, तीस मिनिटं, खूण, आद्याक्षरं.

“दहा जानेवारी!” हर्शेल टेबलावर हात आपटून म्हणाला. इथे तो दर वेळी आपटतो. “अख्ख्या काउंटीत कुत्रं बाहेर नव्हतं. माझी गाडी डेपोतून निघाली नाही. मी स्वतः डेपोत तीन दिवस डबाबंद बीन्स खाऊन काढले.”

“तेच. बर्फाच्या वादळात शाळा तीन दिवस बंद. आणि ह्या बाईंनी नेलला धडा दिला.”

मी ओस्ट्रेमला फोन केला.

“दहा जानेवारीला शाळा उघडी होती?”

“वेडा झालास का? दार दिसत नव्हतं.”

“मग नेलला कुणी शिकवलं?”

पहिल्यांदाच तो हसला नाही. मग म्हणाला, “टायपिंगची चूक असेल.”

“हाताने लिहिलंय.”

“मग हाताची चूक असेल.”

मी आणखी खणलं. ती शिक्षिका ऑक्टोबरातच नोकरी सोडून टेक्ससला गेली होती. तिच्या आद्याक्षरांचा रबरी शिक्का मागे राहिला होता, तो काम करत होता. पन्नासाव्या दिवशी माझं पत्र तयार झालं. चार पानं. शाळेने योजना मोडली. नेलला उद्यापासून तीनपर्यंत ठेवा, सोबतीला माणूस द्या, बुडालेले धडे भरून द्या. एकतीस वर्षांत मी एवढं सरळ काही लिहिलं नव्हतं.

पण पत्र लिहिलं म्हणजे निघालं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी सरकारी नोकरी केलेली नाही. पत्राला पाच टेबलं ओलांडायची असतात. पहिल्या टेबलाने ‘पाहिजे’चं ‘अपेक्षित आहे’ केलं. दुसरं टेबल वकिलांचं, त्यांनी ‘अपेक्षित आहे’चं ‘पाहिजे’ केलं आणि पाच दिवस घेतले. तिसऱ्या टेबलावरचा माणूस सर्दीने घरी. चौथ्याने वाचलंच नाही, म्हणून ते लगेच सुटलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र पाचव्या टेबलावर पोचलं. आमचा संचालक, क्विस्ट.

क्विस्टने मला आत बोलावलं आणि दार लावलं.

“आर्विड, बस. पत्र चांगलंय. फार चांगलंय. जरा जास्तच चांगलंय.”

“सही करा मग.”

“ओस्ट्रेमचा मेव्हणा विधानसभेच्या शिक्षण समितीवर आहे, हे तुला माहीत आहे ना? आपलं अंदाजपत्रक मार्चात त्यांच्यासमोर जातंय. मी नाही म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, शांतपणे करू. फॉर्म आहे ना? मुदतवाढीचा. ‘असाधारण परिस्थिती’. तीस दिवस घे.”

“तीस दिवसांत पोरगी गेलेली असेल.”

“मग तर प्रश्नच नाही. मूल त्या शाळेत नाही, तर तक्रार आपोआप बंद. कुणाचंच वाकडं नाही.” असं म्हणून त्याने खणातून फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. “माझी सही नाही लागत त्याला. केस ज्याच्याकडे, त्याची. तुझं पेन्शन किती लांब आहे रे?”

“चौदा महिने.”

“मग?” क्विस्ट म्हणाला. तो तसा वाईट माणूस नव्हता. दर नाताळात सगळ्यांना चीज वाटायचा.

फॉर्म मी टेबलावर ठेवला, पत्राशेजारी. अर्ध्या पानाचा होता. गुरुवारी दहा-दहाला फोन.

“आज एकोणसाठ,” ती म्हणाली. या वेळी तिने विचारलं नाही.

“हो.”

“तिची बॅग भरू की नको, एवढंच सांगा.”

पत्र पाचव्या टेबलावर बिनसहीचं पडलेलं. फॉर्म माझ्यापुढे. ऑफिसातले सगळे आपापल्या कागदात डोकं खुपसून बसलेले, एकाचाही टाइपरायटर वाजत नव्हता.

“नका भरू,” मी म्हटलं.

“मिस्टर टॉल, मी खरंच नाही भरणार हं.”

“नका भरू.”

आता इथून पुढचं. इथून पुढचं तुम्हाला पटणार नाही, तेव्हा आधी कॉफी भरून घ्या.

शुक्रवारी सकाळी उठून बघतो तर खिडकी पांढरी. असं वादळ की तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. फोन बंद, फॅक्स बंद, टपाल बंद. ऑफिसात पोचलो तर क्विस्ट नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेलाय. मी पत्र कोटाच्या आत घातलं आणि दवाखान्यात शिरलो. क्विस्ट खुर्चीत आडवा, तोंडात चार नळ्या, डोळे छताकडे. मी म्हटलं, साहेब, सही. तो म्हणाला, “आऽऽ अँऽऽ.” डॉक्टर म्हणाला, काय म्हणतोय? मी म्हटलं, पेन मागतोय. हातात पेन दिलं, गळ्यातल्या फडक्यावर पत्र धरलं, डॉक्टरने तेवढ्यात यंत्र सुरू केलं, क्विस्टचा हात जो थरथरला त्यातून आजवरची त्याची सगळ्यात सुंदर सही उमटली. शिक्का मी मारला.

“दाताचा डॉक्टर वादळात आला होता?” कुणीतरी विचारलं.

“दातांना वादळ कळतं का?”

मग मी खात्याची पांढरी गाडी काढली. ओस्ट्रेमची अकराच्या अकरा खोकी मागे टाकली, वजनासाठी, नाहीतर वाऱ्याने गाडी कॅनडात टाकली असती. निघालो. वारा समोरून. काटा साठवर, आणि रस्त्याकडेची टपालपेटी शेजारी स्थिर. पंधरा मिनिटं आम्ही दोघे एकमेकांकडे बघत होतो. मग टपालपेटीच मला मागे टाकून पुढे गेली. एके ठिकाणी गाडी जरा थांबवली तर आडोशाला हरणांचा कळप येऊन उभा राहिला. निघताना एकाने पाय पुढे करून रस्ता दाखवला.

हायवेला लागलो तर फाटक बंद. वादळात रस्ते खातं आडवं टाकतं ते.

“ते मीच बंद करायचो,” हर्शेल म्हणाला.

“आणि माझ्यासाठी तूच उघडलंस.”

हर्शेलने माझ्याकडे पाहिलं. मग लॉर्नाकडे पाहिलं. मग कॉफीत दूध ओतलं. “उघडलं असेन बुवा,” तो म्हणाला. “त्या हिवाळ्यात मी बरंच काही उघडलं.”

गावाच्या अलीकडे तीन मैलांवर गाडी रुतली. चाकं गरगर फिरतायत, गाडी जागची हलत नाही. घड्याळात सव्वातीन. मी खाली उतरलो, मागचं दार उघडलं, पहिलं खोकं फोडलं. नेल वाइगल, बोलण्याचा धडा, तीस मिनिटं, खूण. चाकाखाली घातलं. गाडी हातभर पुढे. दुसरं पान. पुन्हा हातभर. नऊ हजार पानं होती, एक एक करून घालत गेलो. ओस्ट्रेमच्या कागदांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पुढे नेलं. बोलण्याचे धडे संपले, हजेरी घातली. हजेरी संपली, राज्याच्या नियमांचं पुस्तक घातलं. घरापासून शंभर पावलांवर सगळं संपलं. खिशात हात घातला तर एकच कागद उरला होता, तो मुदतवाढीचा फॉर्म. अर्ध्या पानाचा. कोराच होता. तोही घातला चाकाखाली, आणि गाडी थेट दारात.

कॅफेत सगळे हसत होते. शेजारच्या टेबलावरचे दोन शेतकरीही खुर्च्या वळवून बसले होते. वाढपी बाई किटली हातात घेऊन तशीच उभी.

तीन पन्नास. दारात व्हॅन, इंजिन चालू. ड्रायव्हर मागचं दार उघडतोय. पायरीवर कॉरीन, नेलच्या कोटाची चेन लावत. चेन गळ्यापर्यंत येते, ती परत खाली घेते, परत वर आणते, तेवढाच वेळ जावा म्हणून. मी बर्फातून पत्र वर धरून धावत गेलो. तिने ते उभ्या उभ्या वाचलं. मग परत पहिल्या ओळीपासून वाचलं. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग ड्रायव्हरला म्हणाली, “जा तुम्ही. रस्ता वाईट आहे, जपून जा.”

इथे हर्शेल नेहमी नाक शिंकरतो. आजही शिंकरलं. “आणि पोरगी?” त्याने विचारलं.

“पोरगी सोमवारी तीनपर्यंत शाळेत.”

“वा!” वाढपी बाई म्हणाली. “नाही हो, खरंच वा!”

लॉर्नाने काटा खाली ठेवला. पाई तशीच होती.

“खोटं आहे हे, आर्विड,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “त्या शुक्रवारी वादळ नव्हतं. ऊन होतं, आणि रस्ता कोरडा. फोन चालू होते, फॅक्स चालू होता. मुदतवाढीचा फॉर्म तू अकरा वाजता सही करून माझ्या ट्रेमध्ये ठेवलास, आणि मी तो अंगात कोट न घालता कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले. पावणेचारला नेलच्या आईचा फोन आला तो मी घेतला. ती तुला मागत होती. तू समोरच बसला होतास, आणि हाताने खूण केलीस, मी जागेवर नाही म्हणून सांग.”